थांबोबाची जीप आणि तिलूचे दिवे

मुलांनो, जवळ या. ज्यांचे दात पडलेत त्यांनी पुढे बसा. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनी त्याहून पुढे बसा. आणि ज्यांना सगळं आधीपासूनच माहीत आहे, त्यांनी मागे भिंतीला टेकून नुसती मान हलवली तरी चालेल. तुमची सवय मोडायला नको.

एका जंगलात एक जीप होती.

जंगलात जीप कुठून आली, असं विचारायचं नाही. बोधकथेत शंका काढणाऱ्या मुलांना खाऊ मिळत नाही.

तर जीप होती. तिची किल्ली आप्पासाहेब गव्याच्या गळ्यात असायची. आप्पासाहेब जंगलाचे प्रमुख होते, कारण ते सर्वांत रुंद होते. जीप चालवायचे दाजी अस्वल. दाजींना दूरचं दिसत नसे. जवळचंही फारसं दिसत नसे. पण त्यांना अनुभव होता, आणि त्या जंगलात अनुभव असला की डोळे लागत नसत.

जीप आल्यापासून जंगलात एक नवी रीत पडली होती. सभ्य प्राणी घाटापलीकडे जीपनेच जायचे. विशेषतः शेकरू. चांगल्या घरातल्या शेकरूंच्या मुली आता फांदीवरून फांदीवर उड्या मारत नसत. त्या शेपटी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसायच्या आणि खाली बघायच्या.

घाटात पिंपळाचं एक वळण होतं. जीप दर खेपेला त्या वळणावर बंद पडायची. बॉनेटमधून पांढरा धूर निघायचा. मग सगळे उतरायचे आणि हात जोडायचे.

कारण तिथे देव होता.

आधी नव्हता. आधी नुसता दगड होता. पण जीप रोज तिथेच थांबते म्हटल्यावर जुन्याजाणत्यांनी ओळखलं की ती नमस्कारासाठी थांबते. धूर म्हणजे धूप. दगडाला शेंदूर लागला, नाव पडलं थांबोबा. थांबोबाला अंघोळ, फूल, आरती असं सगळं होईपर्यंत इंजिन निवायचं. जीप पुन्हा सुरू व्हायची. सगळे म्हणायचे, पावला!

तोवर अर्थातच संध्याकाळ झालेली असायची. भेकराची मुलगी परीक्षेला पोचली, तेव्हा पेपर गोळा करून झाले होते. साळिंदराची आई वैद्याकडे पोचली, तेव्हा वैद्य घरी गेला होता. पण दर्शन मात्र सगळ्यांना झालं. कुणाचंच चुकलं नाही.

याच जंगलात तिलू नावाची शेकरू राहायची. तरणी, तांबूस, जिभेने तिखट. तिचे हात सतत कशाचे तरी स्क्रू उघडत असत.

घाटापलीकडे नर्मदाबाई नावाची सुतारपक्षीण गाड्यांचं वर्कशॉप चालवायची. तिने तिलूला निरोप धाडला होता. "शनिवारी ये. हात बघते आणि कामावर घेते. पण घाटमाथ्यावरचं ऊन उतरायच्या आत ये. नंतर मी दाराला फळकूट लावते आणि जागा दुसऱ्याला देते."

तिलूच्या आत्याने निरोप ऐकला आणि पान लावायला घेतलं.

"जा की. आम्ही कुठे अडवतोय? नाही जमलं तर आंब्यावरचं स्थळ आहेच. मुलगा शांत आहे. दिवसभर झोपतो. रविवारी बघायला येतायत."

आता मुलांनो, तुम्ही हुशार आहात. जीप पिंपळाच्या वळणावर थांबली तर तिलूचं काय होणार, हे तुम्हाला कळलं असेल. तिलूलाही कळलं होतं.

ती जीपमध्ये शिरली आणि डॅशबोर्डकडे बघत बसली.

त्या जंगलात झाडी इतकी दाट होती की भर दुपारीही मीटरचे दिवे लावावे लागत. आणि मीटरचे दिवे म्हणजे काय? एक बल्ब मेलेला. एक मरायला टेकलेला. त्याचा उजेड खरकट्या तुपासारखा. शिवाय दर दसऱ्याला पूजा व्हायची आणि कुंकवाचं बोट नेमकं मीटरच्या काचेवर ओढलं जायचं. दसऱ्यावर दसरा, बोटावर बोट. काचेमागे काय आहे, ते आता कुणालाच आठवत नव्हतं.

तिलूने बॅटरीची वायर सोडवली. मीटरचा अख्खा पत्रा स्क्रू काढून बाहेर ओढला आणि आपल्या ढोलीत नेला. काच धुतली. मागचे जळके बल्ब पिळून काढले. त्यांच्या जागी छोटे पांढरे एलईडी बसवले. जुन्या बॅटरीला वायर लावून बघितलं. सगळे पेटले, एक सोडून.

तिलूने तो काढला, उलटा फिरवून लावला. पेटला.

आत्या दारात उभी राहून बघत होती.

"जुने बल्ब कसेही बसवा, निमूट पेटायचे," ती म्हणाली. "आणि हे तुझे नवे. उलटं बसवलं की पेटतच नाहीत. कसली ही अडेल जात!"

"म्हणून तर मला आवडतात, आत्या."

दुसऱ्या दिवशी तिलूने पत्रा पुन्हा जागेवर बसवला आणि तळ्याभोवती जीपची फेरी निघाली. दाजींनी बटण दाबलं. डॅशबोर्ड चांदण्यासारखा उजळला. आकडे दिसले. रेघा दिसल्या. आप्पासाहेब बाजूच्या सीटवर होते, तिलू आणि आत्या मागे. काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला आणि तो त्यांना फार आवडला.

"छान!" ते म्हणाले. "पोरीने काम छान केलंय."

मग एक लाल काटा हळूहळू वर चढू लागला. चढत चढत तबकडीच्या टोकाला असलेल्या लाल पट्ट्यात गेला आणि तिथेच थरथरत राहिला.

"हे काय आहे?" दाजींनी विचारलं.

"गरमीचा काटा," तिलू मागून म्हणाली. "लाल पट्ट्यात गेला म्हणजे इंजिन तापलं."

"हा इथे कधी बसवला?"

"जीप आली तेव्हापासून आहे, दाजी."

"मला कुणी सांगितलं नाही."

तिलूने बॉनेट उघडलं. रेडिएटरमध्ये डोकावून बघितलं. आत पाण्याचा टिपूस नव्हता.

"सापडलं!" तिने टुणकन उडी मारली. "यात पाणीच नाहीये! कुणी कधी घातलंच नाही. म्हणून इंजिन तापतं, म्हणून जीप घाटात बंद पडते. निघताना रेडिएटर भरला की थेट माथ्यावर!"

तिला वाटलं, आता टाळ्या पडतील. मुलांनो, तुम्हालाही तसं वाटत असेल तर तुम्ही खरोखरच लहान आहात.

आप्पासाहेबांनी नाकातून मोठा श्वास सोडला.

"इतकी वर्षं आम्ही ही जीप चालवली," ते म्हणाले. "काटा एकदाही लाल पट्ट्यात गेला नाही. तू दिवे लावलेस आणि दुसऱ्याच दिवशी गेला."

"गेला नाही? तुम्हाला दिसत नव्हता!"

"तेच म्हणतोय मी."

"आणि काचेवरचं कुंकू कुठाय?" आत्याने विचारलं. "पुसलंस? आमच्या हाताचं कुंकू पुसलंस? मग काटा काय, सगळंच चढेल!"

वडाखाली बैठक बसली. तिलूला बोलावलं नाही, कारण विषय तिचा होता. दिवे काढून टाकावेत, असं दाजींचं म्हणणं पडलं. प्रत्येक गोष्ट दिसत राहिली की त्यांना चालवायला सुचत नव्हतं. आप्पासाहेबांना मात्र काचेतला चेहरा सोडवेना. शेवटी आत्याने तोडगा काढला.

"दिवे राहू देत. रंग बदला. लाल करा. कुंकवाचा रंग आहे, शुभ असतो. पोरीचं मन राखलं जाईल आणि आपलंही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. निर्णय तिलूला ऐकवण्यात आला.

"अहो, लाल उजेडात लाल काटा कसा दिसणार?" तिलू ओरडली. "पट्टाही लाल आहे! सगळं एकच होईल!"

"आवाज खाली," आप्पासाहेब म्हणाले. "शनिवारी जायचंय ना तुला? मग लाल दिवे लाव. नाहीतर जीप निघणार नाही. आणि रविवार काही लांब नाही."

तिलूने दात आवळले. मग विचार केला. काटा नाही दिसला तर नाही दिसला. रेडिएटरमध्ये पाणी असलं की झालं.

"लावते. पण निघताना पाणी भरायचं. शब्द द्या."

"जीपमध्ये पाणी असेल," आप्पासाहेब म्हणाले. "माझा शब्द."

तिलूने पांढरे दिवे काढले आणि लाल लावले. मुलांनो, या गोष्टीत तिलूच्या हातून एकच चूक झाली, ती ही. तिने ऐकलं.

पांढरे दिवे तिने फेकले नाहीत. गालात ठेवून दिले. शेकरूच्या गालात बरंच मावतं.

शनिवारी जीप निघाली. मागे पाण्याचे भरलेले डबे होते. ते बघून तिलूचा जीव भांड्यात पडला. रेडिएटर भरून वर इतकं पाणी सोबत घेतलंय, म्हणजे म्हातारे अगदीच वाया गेलेले नाहीत! ती शेपटी मांडीवर घेऊन आत्याशेजारी बसली.

डॅशबोर्ड लालेलाल झाला होता. आकडे लाल, रेघा लाल, आप्पासाहेबांचं तोंड लाल. काटा कुठे होता, ते देवालाच ठाऊक.

चढ लागला. इंजिन घरघरू लागलं. जळका वास आला.

"दाजी, काटा कुठे आहे?" तिलूने मान पुढे काढली.

"लाल आहे."

"काटा की पट्टा?"

"सगळंच लाल आहे, पोरी. म्हणजे सगळं शुभ आहे. मागे नीट बस."

पिंपळाचं वळण आलं. जीपने एक आचका दिला आणि ती थांबली. बॉनेटमधून धूर उसळला.

"आला बघ धूप!" आत्याने हात जोडले.

तिलू खाली उतरून बॉनेटकडे धावली. रेडिएटर कोरडा ठणठणीत होता.

"पाणी भरलंच नाही तुम्ही! आप्पासाहेब, शब्द दिला होता!"

"जीपमध्ये पाणी असेल म्हणालो होतो," आप्पासाहेब उतरत म्हणाले. "आहे ना?"

दाजींनी डबे उतरवले. एक उचलला, थांबोबासमोर नेला आणि दगडावर ओतला. पाणी शेंदरावरून ओघळून वाटेच्या कडेला गेलं.

"अहो, ते इंजिनाला हवंय!" तिलूने दुसऱ्या डब्याला मिठी मारली. "आधी इंजिन निवू द्या आणि मग हा एवढा डबा त्यात ओता. माथ्यावर अजून ऊन आहे. अजून पोचू आपण!"

"देवाच्या आधी इंजिनाला?" आत्याने कानांना हात लावला.

"इंजिनामुळेच झालाय तो देव!"

दाजींनी घाईघाईने दगडाला हात जोडले. 

"बघा," आप्पासाहेब सावकाश म्हणाले. "हे सगळं त्या पांढऱ्या दिव्यांमुळे." त्यांनी तिलूच्या हातातून डबा काढून घेतला. "फार उजेडात वाढली पोर. बस खाली. आरती होऊ दे. पोचायचं तेव्हा पोचू."

"आणि नाही पोचलो तर?"

"तर उद्या रविवार आहे," आत्या म्हणाली.

दुसरा डबाही दगडावर रिकामा झाला.

तिलूने वर बघितलं. पिंपळाची फांदी वाटेवर आली होती. त्या फांदीला पलीकडच्या जांभळाची फांदी लागली होती. जांभळापुढे हिरडा, हिरड्यापुढे अंजन. झाडं एकमेकांना खेटून थेट माथ्यापर्यंत गेली होती आणि शेंड्यांवर पिवळं ऊन होतं.

तिने मांडीवर घ्यायची म्हणून हातात धरलेली शेपटी बघितली. ती कशासाठी असते, हे तिला एकदम आठवलं.

"तिलू," आत्या म्हणाली. "शेपटी खाली घे. लोक बघतायत."

तिलूने शेपटी वर केली. आणि उडी मारली.

"अगं, चांगल्या घरची ना तू!" खालून आवाज आला. तोवर ती जांभळावर होती. "जीपमध्ये जागा आहे गं!" तोवर ती हिरड्यावर होती. त्यानंतर काय काय ओरडले, ते तिला ऐकू आलं नाही.

नर्मदाबाई फळकूट लावतच होती, तेव्हा अंजनाच्या शेंड्यावरून काहीतरी तांबूस धपकन दारात पडलं.

"जीप दिसली नाही कुठे," नर्मदाबाई म्हणाली.

"आरती चालू आहे," तिलू धापा टाकत म्हणाली.

"बरं. काय येतं तुला?"

तिलूने गालातून पांढरे दिवे काढून तिच्या पुढ्यात ठेवले. नर्मदाबाईने एक उचलला, वायरीला लावला. पेटला नाही. तिने तो उलटा फिरवला. पेटला.

"उद्यापासून ये," ती म्हणाली.

आता मुलांनो, तुम्हाला वाटत असेल, इतकं झाल्यावर त्या जंगलाने रेडिएटरमध्ये पाणी घातलं असेल. उत्साह आवरा.

पिंपळाच्या वळणावर आता दोन दगड आहेत. एक थांबोबाचा. दुसरा तिलाईचा. ती याच जागेवरून सदेह वर गेली, असं दाजी सांगतात. त्यांनी डोळ्यांनी बघितलं आहे. आत्या दर शनिवारी त्या दगडाला कुंकू लावते आणि डोळे टिपते. फार आज्ञाधारक मुलगी होती, असं म्हणते.

दोन देव झाल्यामुळे पाणी आता जास्त लागतं. जीपही जास्त वेळ थांबते. शेकरूंच्या मुलींना मुद्दाम तिथे दर्शनाला आणतात. त्या शेपटी मांडीवर घेऊन रांगेत बसतात आणि तिलाईपुढे डोकं टेकवतात.

डोकं वर उचलताना एखादीची नजर चुकून फांदीवर जाते. मग तिची आई तिला कोपराने ढोसते.

तात्पर्य: मुलांनो, दिवा नेहमी वडीलधाऱ्यांच्या पसंतीच्या रंगाचाच लावावा. म्हणजे धोक्याचा काटा कुणालाही दिसत नाही, कुणाचं मन दुखत नाही, आणि बंद पडलेल्या गाडीत सगळे एकत्र, प्रेमाने आणि सुरक्षित बसून राहतात. ज्या मुली उडी मारून पुढे जातात, त्यांच्यासारखं मात्र मुळीच वागू नये. त्यांची फक्त पूजा करावी.