वैकुंठरथाची तत्पर सेवा

स्पर्धा वाढली की सेवा सुधारते, हे आता सर्वमान्य झालं आहे. भूम तालुक्यातल्या आमच्या गावात या तत्त्वाचा पहिला लाभ मयतांना मिळाला. (अद्याप एकाही लाभार्थ्याची तक्रार नाही.)

निवडणुकीला उभं राहायचं ठरवून रणधीरनं गावाला वैकुंठरथ अर्पण केला. ते बघून त्याच्या विरोधात उभ्या राहणाऱ्या उत्तरेश्वरनं दुसरा केला, एसीचा. रणधीरनं सरणाची लाकडं फुकट केली. उत्तरेश्वरनं लाकडं, तूप आणि मातीला येणाऱ्यांना गार पाण्याच्या बाटल्या दिल्या. मग रणधीरनं तेरखेड्याची आतषबाजी जोडली, पण ऐंशीच्या पुढच्या मयतालाच. (एकोणऐंशीव्या वर्षी गेलेल्यांच्या घरी यावरून नाराजी आहे.) आता रडायला माणसंही मिळतात, आणि आगाऊ कळवलं तर नाव घेऊन रडतात.

अडचण एवढीच की गावात माणसं पुरेशी मरत नाहीत. त्यामुळं कुणी नुसतं खोकलं तरी दोन्हीकडचे कार्यकर्ते चौकशीला येतात, आणि तब्येत बरी आहे म्हटलं की त्यांचं तोंड एवढंसं होतं.

अशात आमचे रामकिसन तात्या एका सकाळी छाती धरून ओसरीवर बसले. अंगाला दरदरून घाम. त्यांची बायको सारजाबाई पार भेदरून गेली. दवाखान्याची सरकारी गाडी लांब कुठंतरी अडकलेली, एसटी दुपारची. तिनं रणधीर आणि उत्तरेश्वर दोघांनाही फोन करून रथ मागितला. दोघांचंही उत्तर एकच आलं: रथ जिवंत माणसाला देता येत नाही, नियम आहे; काही बरंवाईट झालं तर मात्र लगेच कळवा.

सारजाबाईनं घटकाभर नवऱ्याकडं बघितलं. मग दोघांना परत फोन लावून सांगितलं, "धनी गेले माझे." फोन ठेवून तात्यांना म्हणाली, "डोळे झाका. आन् भूम येईस्तोवर उघडू नका."

चुलीवरचा चहा उकळायच्या आत दोन्ही रथ दारात. खात्री करायला कुणी थांबलं नाही. थांबला असता तो मागं पडला असता. सारजाबाईनं एसीचा निवडला आणि माती भूमला करायची, ही त्यांची शेवटची इच्छा होती म्हणून सांगितलं. मागून रणधीरचा रथ रिकामाच हॉर्न वाजवत पुढं काढायला बघत होता. रस्त्यातली माणसं हात जोडून बाजूला होत होती. जित्या माणसाला एवढी वाट आमच्या तालुक्यात कधी मिळालेली नाही.

दवाखान्याच्या फाटकाशी तिनं गाडी थांबवायला लावली. तात्या गळ्यातल्या हारासकट उठून बसले. ड्रायव्हर उडी मारून पळाला, तो संध्याकाळी सापडला. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर गेलेच होते.

तात्या वाचले. आपल्या रथात असं घडलंच नसतं, असं रणधीरनं त्याच दिवशी जाहीर केलं.

आता गावात हीच पद्धत पडली आहे. बाळंतिणीलासुद्धा मयत म्हणूनच नेतात. (जाताना एक मयत, येताना दोन जिवंत.) गावाचा मृत्युदर दुप्पट झाला असून लोकसंख्याही वाढते आहे.

तुम्ही हसताय खरं. पण तुमच्या भावकीतलं ते माणूस सहा महिने अंथरुणाला खिळून होतं, तेव्हा तुम्हाला सवड झाली नाही. मातीला मात्र तुम्ही सगळ्यांच्या आधी पोचला होता.