हमीदचाचांची आतली सफाई

दुकानात गिऱ्हाईक शिंकलं की हमीदचाचा हातातला कापड मोजायचा गज खाली ठेवायचे आणि विचारायचे, "काल रात्री काय जेवले होते?" माणूस आलेला असायचा पोरीच्या ड्रेसच्या कापडासाठी. पण वांगं खाल्लं की दही, हे सांगितल्याशिवाय त्याला कापड मिळत नसे. उत्तर काहीही असो, चाचांचं निदान ठरलेलं. "शिंक नाकातून येते, पण कचरा पोटात हाय."

औंढ्यात देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान आणि शेजारच्या गाळ्यात माझं शिलाई मशीन. मधे नुसता पत्रा. चाचींना जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक नसरीन नांदेडला. चाचा एकटेच रांधायचे, आणि जे रांधायचे त्याला जेवण म्हणणं अवघड होतं. कधी नुसतं मुगाचं पाणी, कधी बिनमिठाचं पडवळ. मोबाईलवर कुणीतरी पपईचे गुण सांगितले, तेव्हा पपई सोडून दुसरं काही तोंडात घेतलं नाही. गहू बंद, दूध बंद. नमाजाआधी वजू करताना नाक धुवायचेच, वर कोमट मिठाच्या पाण्याची किटली नाकाला लावून बसायचे. समोरचा हॉटेलवाला म्हणायचा, गिऱ्हाईक बिचकतं, जरा आत बसा.

पुतण्याच्या लग्नात ते घरून डबा घेऊन गेले. पंगतीत सगळ्यांपुढे बिर्याणी आणि चाचांपुढे उकडलेला दुधी. भावजय रुसली, दोन ईदा त्यांच्याशी बोलली नाही. घरी माझ्या मालकांना खाज सुटली, तर त्यांना रोज सकाळी कडुलिंबाचा रस पाजला. खाज गेली. ती साबण बदलल्यानं गेली हे आम्हाला माहीत होतं, पण चाचांचा चेहरा इतका फुलला होता की आम्ही बोललो नाही.

चाचांना स्वतःलाही शिंकांचा त्रास होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं त्यांना सरळ सांगितलं होतं, "कशानं त्रास होतो ते शोधा, त्यापासून लांब राहा आणि ही गोळी घ्या." चाचांनी गोळी घेतली नाही. म्हणाले, "गोळीनं शिंक दबते. आतून साफ झालं की कशाचाच तरास होत न्हाई. मग लांब काहून राहायचं?"

मला एक गोष्ट मात्र खटकायची. दुकानात कापडाची एवढी धूळ, पण चाचा तिथं फारसे शिंकत नसत. नांदेडहून परतले की डोळे सुजलेले, आवाज बसलेला, छातीत शिट्टी वाजायची. विचारलं तर म्हणायचे, "तिकडची हवा खराब हाय." आणि नांदेडला जायची वेळ जवळ आली की पथ्य आणखी कडक व्हायचं.

यंदा ईदला ते लेकीकडे जाणार होते. रमजान संपत आलेला. रोजा सोडताना चाचांनी उपाशी पोटी पेलाभर दुधीचा रस घेतला. मी अजून मशीनवरच होते. पत्र्यापलीकडून आवाज आला, "शोभा, आजचा लई कडू हाय. चांगला काम करंल."

थोड्या वेळानं भांडं पडल्याचा आवाज झाला. जाऊन पाहिलं तर चाचा कापडाच्या ताग्यांना टेकून बसलेले, घामानं भिजलेले, आणि सदऱ्यावर रक्ताची उलटी. हॉटेलवाल्यानं गाडी काढली. हिंगोलीला पोचेपर्यंत मी त्यांचं डोकं मांडीवर धरून बसले होते. ते नुसतं "नसरीनला सांगू नको" एवढंच म्हणत होते.

"कडू दुधीचा रस म्हणजे विष," डॉक्टर म्हणाले. "उशीर झाला असता तर हातचे गेले असते."

दुसऱ्या दिवशी त्यांना जरा बरं वाटलं. मी चिडूनच विचारलं, "चाचा, कशासाठी एवढा जीव टांगणीला लावता? कशाची सफाई करून राहिले तुमी?"

 चाचा हळू आवाजात म्हणाले, "आमच्या आयेशाची मांजर हाय. रेशम. तिच्यानं व्हतो मला हा तरास."

आयेशा म्हणजे नसरीनची मुलगी. तिचे वडील अपघातात गेले, हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं.

"बाप गेला तसं लेकरू मुकंच झालं व्हतं. नसरीननं किती दवाखाने केले. मग कुठून तरी हे पिल्लू दारात आलं. पहिल्यांदा बोलली ती त्या मांजरीशी. आता मी म्हणू, तिला सोडून दे?"

"नसरीनला तरी सांगायचं."

"तिला कळलं तर ती मांजर ठेवंल का? अन् न्हाई ठेवली तर पोरगी पुन्हा गप व्हईल. म्हणून म्हणलं, आपणच साफ व्हावं."

 मी बाहेर जाऊन डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, मांजर ठेवा, पण यांच्या अंथरुणात येऊ देऊ नका, हात लावला तर धुवा, आणि जायच्या आधीपासून गोळी चालू करा. मी गोळ्या आणून चाचांच्या हातात ठेवल्या. "पोरीसाठी दुधी पिता, मग हे पण घ्या." त्यांनी पहिल्यांदाच वाद घातला नाही.

दवाखान्याचं मी नसरीनला फोनवर कळवलं होतं, मांजरीचं नाही. संध्याकाळी ती आली. आयेशा पळत येऊन पलंगावर चढली आणि मांजरीनं दूध कसं सांडलं ते सांगत सुटली. तिच्या फ्रॉकवर पांढरे केस चिकटलेले. चाचांना एकामागून एक शिंका आल्या. "अब्बा, सर्दी हुई क्या?" नसरीननं विचारलं. "हां, थोडी," ते म्हणाले आणि नातीला आणखी जवळ ओढलं.

आता ते नियमानं गोळी घेतात. भाकरी खातात, मीठही खातात. नांदेडला जास्त दिवस राहतात. पण गेल्या खेपेला आले तेव्हा डोळे पुन्हा लाल.

"गोळी घेतली न्हाई का, चाचा?"

"घेतली ना बराबर." ते दुकानाचं कुलूप काढत म्हणाले. "पण पोरगी मांजरीला घेऊन माझ्या कुशीत येऊन झोपली. आता तिला उठवायचं कसं, तू सांग."