बासष्ट चौकोन

व्यंकट सर कुणाच्या घरी गेले की पाणी मागत नाहीत, टॅबलेट मागतात. टॅबलेट नसला तर कॉम्प्युटर कुठंय ते विचारतात. तोही नसला तर पाचेक मिनिटं बसून उठतात, कारण त्यांच्या मते त्या घरात बोलण्यासारखं काही उरत नाही.

टॅबलेट हातात आला की खिशातून चष्म्याचं फडकं काढून काच पुसणार, अक्षर मोठं करणार, उजेड कमी करणार, आणि मग पडद्यावरची चित्रं एकेक करून उडवायला लागणार. "हे लागत न्हाई तुम्हाला. हेबी लागत न्हाई." अहो सर, ते भजनाचं आहे, लागतं, असं म्हणेपर्यंत ते गेलेलं असतं. समोरच्या देशमुख वहिनींच्या पडद्यावर चाळीसेक चित्रं होती. सरांनी सात ठेवली. वहिनी दोन दिवस चोरी झाली असंच समजून होत्या.

सर नांदेडातल्याच एका शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाले. मी एसटीत कंडक्टर, सगळी नोकरी बिलोलीच्या रस्त्यावर गेली. आमची घरं भिंतीला भिंत लागून. मला कॉम्प्युटर त्यांनीच शिकवला, म्हणजे ते शिकवायला बसले आणि मी चिडून उठलो, असं सात-आठदा झालं. "घाबरायचं न्हाई, फुटत न्हाई ते," हे त्यांचं पालुपद. एकदा हेच म्हणता म्हणता त्यांचं कोपर लागलं आणि माझा मॉनिटर टेबलावरून थेट फरशीवर. सर तुकड्यांकडं बघून म्हणाले, "दाबल्यानं फुटत न्हाई. पाडल्यानं फुटतं." त्यावर मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एका लग्नात तर स्टेजवर जाऊन नवरदेवाच्या कानात सांगून आले, "हे फोटो काढून राहिलेत ना, त्याची एक प्रत दुसरीकडं ठेवा. कॉम्प्युटरचा भरवसा न्हाई." नवरदेवाला वाटलं आशीर्वादच दिला, तो पाया पडला.

असा हसण्यासारखा माणूस. मीही पोटभर हसायचो. मग दादा आले.

दादा म्हणजे सरांचे थोरले भाऊ. बिलोलीकडच्या खेड्यात शेती, एकटा जीव, हाताशी एक चुलत पुतण्या. हाक मारली की तिसऱ्या शेतातला माणूस मान वर करायचा, असा आवाज. माझ्या गाडीत एकदा खिडकीच्या जागेवरून आमची जुंपली होती, तेव्हा ड्रायव्हरनं घाबरून गाडी बाजूला घेतली होती. त्या दादांच्या घशात गाठ निघाली. नांदेडला ऑपरेशन झालं आणि आवाजाची पेटीच काढून टाकावी लागली. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं, म्हणून लिहून दाखवायचीही सोय नाही. सरांनी त्यांना आपल्याकडं ठेवून घेतलं. सरांची बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एकाचा स्वयंपाक दोघांचा झाला. त्या दिवसांत सर भाजी आणायला निघाले तरी ताठ चालायचे.

सरांनी दादांसाठी टॅबलेट बोलका करायला घेतला. पडद्यावर मोठाले चौकोन, प्रत्येकात सरांनी स्वतः काढलेलं चित्र. तांब्या, भाकर, पंखा, औषधाची बाटली. बोट ठेवलं की टॅबलेट बोलणार. पहिल्या दिवशी दादांनी तांब्यावर बोट ठेवलं. आतून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "कृपया मला पाणी द्या." दादांनी टॅबलेटकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं आणि उशी फेकून मारली. जन्मात कुणाला कृपया म्हटलं नव्हतं त्या माणसानं.

सर तडक माझ्याकडं. "तुमचा आवाज पाहिजे. गल्लीत दादासारखं वरडणारे तुम्हीच हायत."

तीन दुपारी आमच्या स्वयंपाकघरात रेकॉर्डिंग चाललं. सर दाराकडं बघत, लाजत, हळूच सांगायचे, "म्हणा, 'पाणी आण रे येड्या.' आता म्हणा, 'ही भाकर हाय का दगड?'" आणि मी बोंबलायचो. "अजून चिडून," सर म्हणायचे. मी म्हटलं, "सर, चिडलो म्हणूनच ओरडून राहिलो मी!" भाकरीच्या चौकोनात आमच्या कुकरची शिट्टी शिरली, ती शेवटपर्यंत तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा पीत बसलोय आणि भिंतीपलीकडून माझाच आवाज, "उठ रे येड्या, चहा टाक!" बायकोच्या हातातली बशी पडता पडता राहिली. "अगं बाई, तुम्ही हितं, मग तिकडं कोण?"

दादा लई खूश. फक्त ते कुशीवर वळले की टॅबलेटचा पडदाही वळायचा आणि पंखा मागितला की भाकर मिळायची. सरांनी वळणं बंद केलं. दादा बोट उचलेपर्यंत पडदा काळा व्हायचा. सरांनी तो झोपणारच नाही असं करून टाकलं. दादांपायी जे जे शिकले ते ते सरांनी गल्लीतल्या एकूणएक म्हाताऱ्याला घरी जाऊन करून दिलं. चौकोन वाढत बासष्ट झाले. शेजाऱ्यांना शिव्या, डॉक्टरला शिव्या, नुसतं "हाव", नुसतं "न्हाई".

पण मी गेलो की दादा एक खूण करायचे. तळहातावरून तिकीट फाडल्यासारखं करायचे आणि बिलोलीच्या दिशेनं हात दाखवायचे. मग टॅबलेट घेऊन पानामागून पान सरकवत राहायचे, आणि काही सापडत नाही म्हणून मांडीवर उलटा ठेवायचे.

"तुमचं खिडकीवरचं भांडण आठवून राहिलेत," सर म्हणायचे. पहिल्यांदा मी हसलो. तिसऱ्यांदा मला कळलं.

"सर, त्यांना गावाकडं जायचंय."

"तिथं कोण करणार त्याचं?"

"पुतण्या आहे की. रोज फोन करतो. आणि डॉक्टर तर जा म्हणाले."

सर फडक्यानं काच पुसत राहिले. "तसला चौकोन लागत न्हाई त्याला," म्हणाले. आयुष्यभर भरल्या गाडीत ओरडलो, आणि तिथं मुकाट बसलो, त्याची लाज अजून वाटते.

पोळा तोंडावर आला. बैलांचा एक चौकोन होता, त्यात माझा आवाज विचारायचा, "बैल कसे हायत रे?" दादा तो दिवसातून तीस-चाळीसदा दाबायचे. भिंतीपलीकडून मला माझाच प्रश्न ऐकू यायचा आणि सरांचं उत्तर, "बरे हायत दादा, बरे हायत." पोळ्याच्या आदल्या दुपारी दादा झोपले ते उठले नाहीत. गाडी करून त्यांना गावाकडं नेलं.

महिन्याभरानं सर आले. आमचा टॅबलेट मागितला नाही. स्वतःचा काखेत होता.

"एक चौकोन राहिला," म्हणाले. गावाकडचं घर काढलं होतं, दार उघडं. "म्हणा, 'गावाकडं ने मला.'"

"आता काय उपयोग, सर? नेलं की तुम्ही."

"नेलं. निजवून नेलं. त्यानं म्हटल्यावर न्हाई नेलं." सर खुर्चीत मटकन बसले. "त्यानं म्हटलं असतं तर न्यावं लागलं असतं हो. मग मागं मी एकटा घरात काय करणार होतो? म्हणून केलाच न्हाई चौकोन. बासष्ट केले, हा न्हाई केला."

मला राग यायला हवा होता. पण सर रडत होते. मी म्हणायला लागलो. दोनदा आवाज फाटला. तिसऱ्यांदा जमलं, जरा मऊच निघालं. सरांनी तेच ठेवलं.

मग त्यांनी टॅबलेट मांडीवर नीट धरला आणि उघड्या दारावर बोट ठेवलं.

"गावाकडं ने मला."

"हाव दादा," सर म्हणाले. "सकाळच्या गाडीनंच निघू."