आहेर सर आणि गाड्यांच्या रबरी मॅट्स

आमच्या सोसायटीत कुणी गाडी घेतली की बाकीचे लोक पेढे मागतात, रंग बघतात, मायलेज विचारतात. आहेर सर गाडीचं दार उघडतात, कमरेत वाकतात आणि खालच्या रबरी मॅटवरून तळहात फिरवतात. लहान मुलाला ताप आहे का बघावं, तसा. मग सरळ होतात आणि म्हणतात, "काळा चांगला आहे. जपा."

गाडीचं अभिनंदन एवढंच.

सर आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात. नाशिकच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. अंगात खादीचा ढगळ सदरा, डोळ्यांवर कायम खाली घसरलेला चष्मा. त्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही. कधीच नव्हती. तरी रविवारी सकाळी पार्किंगच्या नळाशी एक बादली, एक मऊ ब्रश आणि एक लाकडी स्टूल दिसलं की समजायचं, सर खाली आलेत. ज्याच्या मॅट्स मळल्यात, जुन्या झाल्यात, त्याने त्या आणून द्यायच्या. कुणी काही देऊ केलं तर सर ब्रश खाली ठेवतात आणि तो माणूस जाईपर्यंत उचलत नाहीत.

मी पहिल्यांदा माझ्या मॅट्स घेऊन गेले तेव्हा मला वाटलं, धुऊन देतील, संपलं. सरांनी मॅट उजेडात धरली आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरकी करून पाहिली.

"फार थकलीय हो ही, शुभदाताई."

"काळीच आहे की सर."

"काळी आहे. पण कुठला काळा?"

मग मला कळलं की काळे पुष्कळ असतात. तव्याचा काळा वेगळा, छत्रीचा वेगळा, म्हशीच्या पाठीचा वेगळा. माझी मॅट यातल्या कशातच बसत नव्हती, ती राखाडीकडे निघाली होती. मॅटला हवा असतो तो शाळेच्या फळ्याचा काळा. खोल आणि शांत. "फळा चमकला की मागच्या बाकावरच्याला अक्षर दिसत नाही," सर म्हणाले. "काळ्याने चमकायचं नसतं. काळ्याने थांबायचं असतं."

हे ऐकताना माझा चहा वरती गार होत होता. पण सरांच्या बोलण्यात माणूस जरा तरंगायला लागतो हे खरं.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी मॅट गाडीबाहेर काढून झटकायची. गाडीत ठेवून धुवायची नाही, खालचं कापड ओलं राहतं आणि कुबट वास धरतं. मग कोमट पाणी, साधा सौम्य साबण आणि ब्रश. पेट्रोल नाही, रॉकेल नाही, संडास-बाथरूम धुण्याचं काही तर नाहीच नाही. मग भरपूर पाणी, साबणाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत. मग सावलीत वाळवण. ऊन रबराला म्हातारं करतं, असं ते म्हणतात. मॅट पूर्ण वाळली की मागच्या सीटच्या मॅट्सना दुकानात मिळणारं रबर जपायचं पातळ, पाण्यासारखं द्रावण फडक्यावर अगदी थोडं घेऊन लावायचं आणि कोरड्या फडक्याने इतकं पुसायचं की बोट फिरवलं तर बोटाला काही लागू नये.

चालवणाऱ्याच्या पायाखालच्या मॅटला मात्र काहीही लावायचं नाही. तिथे सर हळवे नसतात, कडक असतात.

पहिल्या मजल्यावरचे बागूल अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांनी एकदा बाहेरून गाडी धुऊन आणली. धुणाऱ्याने टायरला लावायची चमक मॅटलाही लावून दिली होती. मॅट काय सुंदर दिसत होती, आरशासारखी. सरांनी वाकून हात फिरवला आणि बागुलांच्या हातातून किल्ली काढून घेतली.

"अहो सर, कंपनीत जायचंय."

"रिक्षाने जा. ब्रेकवरून पाय घसरला तर कंपनीत कोण जाईल?"

बागूल रिक्षाने गेले. संध्याकाळी त्यांची मॅट धुऊन वाळलेली होती, गाडीच्या तळाच्या खुंटीत नीट अडकवलेली होती, आणि सर स्वतः चालकाच्या जागेवर बसून टाच दाबून दाबून बघत होते. गाडी चालवता न येणारा माणूस ब्रेकवर पाय ठेवून समोर बघत बसला होता. समोर पार्किंगची भिंत होती. पण सर ज्या नजरेने बघत होते, त्यावरून तिथे भिंत नसावी.

माझी एक मैत्रीण मोबाईलवर वाचून मॅटला खोबरेल तेल लावणार होती. मी हे सरांना सांगितलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले. "त्यांना म्हणावं, ते केसांना लावा," एवढंच म्हणाले, आणि सकाळभर उदास राहिले.

इथपर्यंत सगळ्यांनाच ते आवडायचे. अडचण होती ती मॅट वाळण्याच्या वेळेची.

मॅट्स कठड्यावर टाकल्या की सर मालकाला स्टुलावर बसवत आणि स्वतः उलट्या बादलीवर बसत. मग प्रश्न सुरू. मॅटच्या खाचांतून निघालेलं पाणी त्यांनी आधीच नीट पाहिलेलं असे. तांबडी माती आली की त्र्यंबकची बाजू. काळी चिकट आली की निफाडकडचं शेत. कांद्याचा लालसर पापुद्रा निघाला की लासलगाव. ते पाणी नळापासून गटारीपर्यंत जाईतो सर त्याच्याकडे बघत राहत, एखादी नदी बघावी तसे. आणि मग विचारत.

"रस्त्यात थांबलात का?"

"थांबलो."

"चहा घेतला? कपात की ग्लासात?"

"ग्लासात बहुतेक."

"बसायला बाकडं होतं की खुर्ची? समोर झाड होतं? कसलं?"

लोक वैतागायचे. बागूल एकदा म्हणाले, "सर, तुम्ही आधी पोलिसात होते का?"

खुद्द बागुलांचंच प्रकरण पुढे झालं. एका रविवारी ते घरी जादा पाळी आहे म्हणून सांगून गेले होते. पुढच्या रविवारी सर त्यांची मॅट धूत असताना अगदी निरागसपणे म्हणाले, "बागूल, अंबडला एवढी तांबडी माती कुठून आली? आणि हे बघा, भाताचं पातं. छान आहे हो. कुठल्या गावाला गेला होतात?"

वर गॅलरीत बागूलवहिनी कपडे वाळत घालत होत्या. हातातला ओला शर्ट त्यांनी तसाच धरून ठेवला. शर्टाचं पाणी खाली बागुलांच्या डोक्यावर ठिबकत राहिलं, आणि बागूल तिथून हलले नाहीत, कारण वर जाण्यापेक्षा ते बरं होतं. मित्रांबरोबर शेतावर पार्टी होती, एवढीच गोष्ट, पण पुढे बरेच दिवस त्यांच्या घरातून भांड्यांचेच आवाज येत होते.

त्यानंतर सोसायटीकडे तक्रार आली. पार्किंगमध्ये पाणी वाया जातं, हे एक. दुसरं बागूल तोंडीच बोलले. "कोण कुठे गेलं, काय खाल्लं, ह्यांना काय करायचंय, ताई? माणसाला काही खाजगी असतं की नाही?" आणखी दोघातिघांनी माना डोलावल्या. ठरलं की सरांना हे बंद करायला सांगायचं. त्या वर्षी सोसायटीची सेक्रेटरी मी होते, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. सांगायचं काम माझ्याकडे आलं.

त्याच दिवशी मी माहेरी चांदवडला जाऊन परतले होते. खाली सर भेटले. माझ्या मनात तक्रारीचं सगळं घोळत होतं, म्हणून मी तुटक बोलले. "काही विशेष नाही सर. गेलो, आलो."

"रस्त्यात वडाळीभोईला ऊन होतं की ढग?"

"ढग होते बहुतेक."

"बहुतेक," सर स्वतःशीच म्हणाले आणि जिना चढून गेले.

सूर्य कलल्यावर मी धीर करून त्यांच्या दाराशी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. मी बेल वाजवणार, तेवढ्यात आतून सरांचा आवाज आला.

"ओझर मागे पडलं. आता दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे."

"पानं आलीत?" हा बाईचा आवाज होता, जड, शब्द जरा ओढत उच्चारलेले.

सरांच्या पत्नी, नलूताई. त्यांना अर्धांगवायू झाल्याचं आम्हाला माहीत होतं. सर निवृत्त झाले त्याच वर्षीची ती गोष्ट. गाडी घ्यायची आणि दोघांनी जिल्हाभर हिंडायचं, असं त्यांचं ठरलेलं होतं, असंही मी कधीतरी उडत उडत ऐकलं होतं. सुरुवातीला आम्ही बायका भेटून आलो. मग प्रत्येकीचं काही ना काही निघालं. त्या अंथरुणावर आहेत, हे आम्हाला पाठ झालं होतं, आणि पाठ झालेल्या गोष्टीकडे कुणी फिरून बघत नाही.

"आलीत ना," सर सांगत होते. "नवी आहेत, पोपटी. आता वडाळीभोई येईल. आभाळ भरलंय. शुभदाताई म्हणाल्या, बहुतेक ढग होते. तर आपण ढग धरू."

"पाऊस येऊ दे."

"पाऊस नको. आपली मॅट खराब होईल."

नलूताई हसल्या. हसू एका बाजूने अडखळत आलं, पण बराच वेळ पुरलं.

"चहा?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या वळणावर. बागूल थांबले होते ना गेल्या महिन्यात, तिथे. ग्लासात देतो. बाकडं आहे, समोर कडुनिंब आहे."

मी बेल न वाजवता खाली आले. जिन्यात मध्येच बसले थोडा वेळ. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या माणसाला इतके महिने दिलं होतं ते 'बहुतेक'. त्यावर तो रोज गाडी काढत होता.

दुसऱ्या दिवशी बागूल पार्किंगमध्ये भेटले. "सांगितलं का सरांना?" त्यांनी विचारलं. मी जे ऐकलं ते सांगितलं.  बागूल हातातलं कारखान्याचं हेल्मेट या हातातून त्या हातात करत राहिले. मग म्हणाले, "तो कडुनिंब नव्हता ताई. चिंच होती. मी घाईत काहीतरी बोललो."

पुढच्या रविवारी बागूल सगळ्यांच्या आधी नळाशी हजर. मॅट्स स्वतः झटकून आणलेल्या. सर ब्रश घेऊन बसले, तर हे समोर स्टूल ओढून बसले आणि न विचारताच सुरू झाले. "सर, लासलगावला गेलतो. आज लय वेळ हाय आपल्याला, सगळं सांगतो. ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. एका ट्रॅक्टरवर आरसे लावलेले, झेंडूच्या माळा, नवरदेवच जसा. आणि सर, ते झाड चिंचेचं होतं बरं का, मागच्या वेळचं."

सरांचा ब्रश थांबला. त्यांनी चष्मा वर सारला आणि बागुलांकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं. पण ते फक्त म्हणाले, "नवरदेव ट्रॅक्टरचा रंग?"

"निळा. पण धुळीने उडालेला."

"उडालेला निळा," सर म्हणाले, आणि डोळे मिटून त्यांनी तो नीट ठेवून दिला.

पाण्याची तक्रार बागुलांनीच मिटवली. गाड्या धुण्याचं पाणी झाडांकडे वळवायचा एक पाइप त्यांनी कंपनीतल्या ओळखीच्या माणसाकडून बसवून घेतला. दुसऱ्या मुद्द्याचं पुढे नावही निघालं नाही.

मी पुन्हा चांदवडला गेले ती मुद्दाम हळू गाडी चालवत. कुठे काय दिसतं ते बघत. इतकी वर्षं त्याच रस्त्याने माहेरी जातेय, पण पिंपळगावच्या पुढे डोंगर आधी निळे असतात आणि जवळ गेल्यावर तपकिरी होतात, हे मला आत्ता कळलं. परतल्यावर सर जिन्यात भेटले. मी बोलायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "वरच या ना. आज तुम्ही सांगा. माझ्या तोंडून ऐकून कंटाळली ती."

नलूताईंचा पलंग भिंतीशी होता. अंगावर धुतलेली मऊ गोधडी, केस नीट विंचरलेले. मी खुर्ची जवळ घेतली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडी कोण चालवतंय?"

"मी."

"मग ठीक," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले. "ह्यांना येत नाही."

सर खाली बघून हसले.

मी नाशिकबाहेरचा 'दहावा मैल' हा फाटा सांगितला, ओझर सांगितलं. मळ्यांतले मांडव, त्यांतून पळणारी सावली सांगितली. शाळा सुटलेली मुलं आणि रस्त्याच्या कडेने जाणारी एक म्हातारी, डोक्यावर रिकामी पाटी आणि हातात नवी चप्पल, पायात न घातलेली. मग लांबचे निळे डोंगर. मी कधी एवढं सलग बोलले नव्हते. नलूताईंचा श्वास संथ झाला होता, मला वाटलं झोपल्या. मी थांबले.

"काच खाली घे ना जरा," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

मला क्षणभर कळलंच नाही. सर मात्र उठले होते. त्यांनी पलंगामागच्या खिडकीची कडी काढली आणि दोन्ही दारं पूर्ण उघडली. वारा आत आला. पडदा फुगला, नलूताईंच्या कपाळावरचे केस हलले, आणि त्यांनी चेहरा त्या बाजूला वळवला.

सर खिडकीचं दार धरून तिथेच उभे राहिले. दुसऱ्या हाताने त्यांनी मला खूण केली, चालू द्या. मी गाडी चांदवडच्या दिशेने पुढे काढली.