आप्पाचं चुंबक

माज्या रांगत्या सोन्याच्या हातातलं चुंबक दिसना. बटनाएवढं व्हतं, आत्ताच मुठीत व्हतं. मी तेच्या तोंडात बोट घातलं, गाल चाचपलं, कायबी न्हाई. मालक नि सासू-सासरे ऊसतोडीला गेलेले, घरात मी एकटी. तशीच वरडले, "आप्पा, तुमचं चुंबक गिळलं वो पोरानं!"

आप्पा म्हंजी आमचे शेजारी. आधी लगनात भोंगे लावायचे. भोंगे गेले, पर आतली चुंबकं तेंनी सोडली न्हाईत. खिसा खाली लोंबतो एवढी भरलेली. जेवायला बसताना सुद्धा होकायंत्र काढून बघत्यात, सुई थांबल्याबगर घास न्हाई. माजा मोबाइल वाजला की म्हणत्यात, "लांब धर, सुई बावचळती."

रोज सकाळी दारात यायचे. चुंबकावर कागद, कागदावर लोखंडाचा कीस. टिचकी मारली की कीस ओळीनं हुबा राहायचा नि सोन्या खिदळायचा. मी भाकरी थापत असले तरी मला बोलवायचे.

"ह्या रेघा तिथं नसत्यात बरं का. ओढ समदीकडं हाय. कीस नुस्ता सांगतो तिचं तोंड कुणीकडं हाय. दाट रेघा, जास्त ओढ. लांब गेलं की इरळ."

"आप्पा, तवा जळतोय."

"जळू दे. ओढ बघ, रेघ न्हाई."

तर त्या दिशी आप्पा पळत आले. होकायंत्र सोन्याच्या पोटापशी धरलं. सुई गर्रकन पोटाकडं वळली. केजच्या दवाखान्यात जायला जीप कवा मिळायची, एवढंच डोक्यात.

आप्पांनी सोन्याचा करदोटा सोडला. त्यात सासूनं दिष्टीचा लोखंडी छल्ला बांधलेला. छल्ला लांब ठिवला नि परत सुई धरली. हलली न्हाई.

मग तसंच होकायंत्र घेऊन घरभर वाकत फिरले. झोळीपशी सुई वळली. गोधडीखाली बाळाच्या राखणीला ठिवलेला विळा. तेच्या पात्याला चुंबक चिकटलेलं.

मी रडले न्हाई. लई दमले व्हते. म्हणलं, "तुमची चुंबकं न्या आप्पा, नि परत येऊ नका."

तेंनी विळ्याचं चुंबक नखानं सोडवलं नि गेले.

दुसऱ्या दिशी आले न्हाईत. तिसऱ्या दिशी बी न्हाई. मला बरं वाटायला पायजे व्हतं. सोन्या सकाळ झाली की फाटकाकडं रांगायचा नि तिथंच बसायचा.

काल दुपारी आप्पा फाटकाभायेर हुबे. दोन्ही खिसे उलटे काढलेले, कुत्र्याच्या जिभेवानी लोंबत व्हते.

"बघ पोरी, कायबी न्हाई आणलं."

"मग कावून आलाव?"

आप्पा खाकरले. "दोन दिस कुणाशी बोललो न्हाई. आवाज हाय का गेला, तेवढं बघाया आलो."

सोन्यानं दोन्ही हात वर केले. ते आत आले न्हाईत. मी कडीला हात लावून हुबी. माजं काळीज अजून त्या दिशीचं धडधडतंय, नि हितं दिसभर बोलाया मला तरी कोण हाय?

सांगा, तुमी असता तर काडली असती का कडी?