शरयूमावशींचा ट्युलिपचा हार

आमच्या शरयूमावशींच्या जॅकेटच्या कॉलरला कायम एक सुई टोचलेली असते, दोरा ओवलेली. फूल दिसलं की ओवायचं आणि हार झाला की समोर सापडेल त्याच्या गळ्यात घालायचा. मावशी म्हणजे माझ्या शेजारच्या मधुराची आई. साताऱ्याहून इथे न्यूझीलंडला, वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल भागात लेकीकडे आल्यापासून त्यांनी प्लंबरला हार घातलाय, पोस्टमनला घातलाय, कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याला तर दूध घेता घेता घातला. विचारलं तर एकच उत्तर, "अगं, गळा किती ओका-ओका दिसत होता त्याचा!"

मधुराला मेल्याहून मेल्यासारखं होतं. "आई, इथे असं नाही गं करत!" हे वाक्य कुंपणापलीकडून इतक्यांदा येतं, की एरवी फक्त इंग्रजीत बोलणारा माझा मुलगाही ते स्वच्छ मराठीत म्हणतो.

दर वसंतात वेलिंग्टनच्या बागेत ट्युलिपचा उत्सव असतो. इथली डच मंडळी लाकडी बूट घालून नाचतात, पॅनकेक करतात. यंदा आम्ही तिघी निघालो, तेव्हा मधुराने तंबी दिली. "सुई बाहेर आली तर यापुढे तुला कुठ्ठे नेणार नाही." मावशींनी कॉलरची सुई निमूटपणे काढून दिली. मला तिथेच संशय यायला हवा होता.

आदल्या दिवशी आमच्या वाऱ्याने इंगा दाखवला होता. अर्धे दांडे बोडके, फुलं खाली. "अगं बाई, केवढी ही नासाडी!" मावशी हळहळल्या. मधुरा पॅनकेकच्या रांगेत गेली, मी दोन फोटो काढले, वळून बघते तर बाई बाकावर, ओच्यात फुलं आणि हातात सुई!

"पर्समध्ये दुसरी असते," त्या शांतपणे म्हणाल्या.

हार चांगला लांबलचक झाला आणि त्यांची नजर फाटकाशी उभ्या असलेल्या जुन्या नारिंगी मोटारीवर गेली. ती मिरवणुकीच्या पुढे चालायची होती. "बिचारी! दसऱ्याला तरी कुणी हार घालत असेल का हिला?" मी "मावशी, नको" म्हणेपर्यंत बॉनेटवर हार चढलासुद्धा.

मधुरा आली, तिने पाहिलं आणि मटकन बाकावर बसली. तेवढ्यात लाकडी बूट खटखटत मोटारीचे मालक आले. ऐंशीच्या घरातले, काठीसारखे ताठ डच आजोबा. हाराकडे बघतच राहिले.

"हा कुणी केला?"

मधुराने सॉरी-सॉरीचा जप सुरू केला. आजोबांनी हात वर करून तिला थांबवलं.

"आमच्या गावी कंद पोसावेत म्हणून शेतकरी ट्युलिपची फुलं खुडून टाकायचे," ते म्हणाले. "मी आणि माझी बहीण रस्त्याकडेला बसून त्यांचे असेच हार ओवायचो. लोक विकत घेऊन मोटारींना बांधायचे. बहीण गेली. इथे आल्यापासून हा पहिला हार पाहतोय मी." आणि त्यांनी सरळ डोळे पुसले.

मी मावशींना मराठीत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग उभे काय राहिलेत? बसा म्हणावं. दोरा भरपूर आहे!"

आजोबा बसले की हो! मग लेसच्या टोप्या घातलेल्या दोन डच आज्याही बसल्या. हार मोटारीला चढले, ढोलाला चढले, अकॉर्डियनला चढले. मिरवणूक निघाली तेव्हा आजोबांच्या शेजारच्या सीटवर आमच्या मावशी, इरकल साडीवर जॅकेट आणि दोन्ही हातांनी लोकांना नमस्कार. टाळ्यांचा नुसता कडकडाट! आणि सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडत होतं? मधुरा. "दॅट्स माय मदर!"

परतताना गाडी मधुरा चालवत होती आणि मावशींच्या मांडीवर एक छोटा हार उरला होता.

"देवाला का?" मी मागच्या सीटवरून विचारलं.

"छे गं, खाली पडलेलं फूल देवाला कसं चालेल?" त्यांनी हार हातात घेतला. "ही पहिल्यांदा इकडे निघाली ना, तेव्हा विमानतळावर मोगऱ्याचा हार नेला होता मी. 'आई, लोक बघतायत,' म्हणाली. तसाच पिशवीतून परत आणला. घालायला घरात कुणीच नव्हतं. तेव्हापासून कुणाचा ओका गळा बघवत नाही बघ."

मधुराने गाडी कडेला घेतली. पट्टा सोडला आणि आईपुढे मान वाकवली.

"घाल, आई," ती म्हणाली. "बघू देत लोकांना."