सूर्यनारायणाच्या तिटेची हकीकत

श्रीसूर्यनारायण समर्थ. ऐकणाराचे चित्त ठिकाणी राहो, सांगणाराची जीभ सरळ चालो. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, चैत्रमासी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव पुसू नये. तेथील राजे आपणांस साक्षात सूर्याचे वंशज म्हणवीत. निशाणावर सूर्य, शिक्क्यावर सूर्य, हत्तीच्या झुलीवरही सूर्य, इतके सांगितले पुरे. त्या दरबारी नागेशभट म्हणोन ज्योतिषी होते. पंचांग करावे, ग्रहणे वर्तवावी, आणि वरकड वेळ आकाशाकडे पाहात चालोन ठेचा खाव्या, हा त्यांचा क्रम. त्यांसी बंदरावरील कोणा टोपीकर फिरंग्याने, पत्रिका बरी सांगितली म्हणोन खूश होवोन, दुर्बिणीची नळी नजर केली, आणि मग भटजींस खाणेपिणे सुचेना. सूर्यास डोळा लाविला तर डोळा जाईल हे जाणोन त्यांनी माजघरावरचे एक कौल काढिले, नळी तेथोन सूर्याकडे रोखिली, आणि खाली पंचा ताणोन त्यावर सूर्याचे बिंब पाडिले. बिंब ताटलीएवढे, लखलखीत. पण कडेपाशी तिळाएवढा काळा ठिपका! भटजी कडाडले, "अगो, पंचा धुतलास की नुसता पाण्याला दाखविलास?" कुटुंब सगुणाबाई चुलीपाशी होत्या, आणि त्या ऐकोन घेणाऱ्या नव्हेत. त्या म्हणाल्या, "पंचा फिरवून पाहा म्हणते मी! डाग पंच्याचा असेल तर पंच्याबरोबर फिरेल." पंचा फिरविला, ठिपका जागीच. कांच पुसली, नळी जागच्या जागी फिरविली, तरी ठिपका जागीच. मग भटजी मटकन खाली बसले आणि म्हणाले, "सगुणे, हा तर त्याच्याच अंगावरचा गो!"

तेथून बारा दिवस रोज माध्यान्ही पंच्यावर कोळशाची खूण करावी, तो ठिपका रोज थोडा पुढे सरके, आणि एका कडेचा निघोन दुसरे कडेपाशी आला. इतकी मोठी गोष्ट पोटात राहाते काय? भटजी चारचौघांत बोलिले, आणि ती फिरत फिरत धर्माधिकारी भालचंद्रशास्त्री यांचे कानी गेली. शास्त्रीबोवा विद्वान खरे, आचार कडक, परंतु राग नाकाच्या शेंड्यावर. ते तसेच तरातरा दरबारी आले आणि बोलिले, "महाराज, आपल्या मूळपुरुषास हा मनुष्य डागी म्हणतो! सूर्य डागी तर वंश निर्मळ कैसा? आणि आम्ही रोज अर्घ्य देतो ते काय मळक्या देवास?" हे ऐकोन महाराज संतापले आणि हुकूम जाहला की, उद्या भर दरबारी नागेशभटांनी बेलभंडार उचलोन शपथ घ्यावी की सूर्य निष्कलंक आहे, न घेतील तर नळी तळ्यात टाकावी आणि ज्योतिष्यांनी राज्याबाहेर जावे.

भटजी घरी आले ते पडेल चेहऱ्याने. सगुणाबाई म्हणाल्या, "घ्या की शपथ. सूर्य काय ऐकायला बसलाय?" भटजी म्हणाले, "तोच तर ऐकतो गो. रोज सकाळी ज्याच्यापुढे ओंजळ धरितो, त्याच्याचविषयी खोटे कोणत्या तोंडाने बोलू?" यावर सगुणाबाई उठल्या आणि लुगडी, भांडी, पंचांगाची पोथी यांचे बोचके बांधावयास लागल्या.

दुसरे दिवशी दरबार भरला. भटजींनी विनंती केली की, शपथेपूर्वी एकवार सर्वांनी डोळ्यांनी पाहावे, आणि झरोक्यातून नळी लावोन पंच्यावर बिंब पाडिले. शास्त्रीबोवांनी तोंड फिरविले. म्हणाले, "नळीस चामडे मढविले आहे. त्यातोन आलेला उजेड विटाळलेला. मी पाहाणार नाही!" तो चिकाच्या पडद्याआडोन आईसाहेब, महाराजांच्या मातोश्री, बोलिल्या, "शास्त्रीबोवा, मृदंगासही चामडे असते. त्याचा नाद देवळात चालतो, तर याचा उजेड दरबारात का चालू नये?" सभा खो खो हसली. शास्त्रीबोवांनी मग डोळ्याच्या कोपऱ्यातोन पाहिले. आईसाहेब तो पडदा सारोन बाहेर आल्या, पंच्यावर वाकल्या आणि हसोन म्हणाल्या, "अगबाई, ही तर तीट! येवढे तेजस्वी लेकरू, अदिती माउली त्यास तीट लाविल्यावाचोन घराबाहेर सोडील होय? अशाने दृष्ट नाही का लागायची? महाराज, तुम्हांस मी आठ वर्षांचे होईतो लावीत होते. तेणे वंशास कलंक लागला काय?" महाराजांचा हात आपोआप गालाकडे गेला आणि भर सभेत ते लाजले.

शास्त्रीबोवा परंतु हार जाणारे नव्हेत. म्हणाले, "तीट म्हणता, तर सरकते कैसी? या कडेची त्या कडेस आली, उद्या नाहीशी होईल. चालती तीट कोणी पाहिली?" आईसाहेब बोलिल्या, "तीट नाही चालत हो. लेकरू कूस वळते. चार लेकरे वाढविली मी, इतके कळते मला." हे ऐकताच नागेशभट दरबाराची रीत विसरोन ओरडले, "हेच! आईसाहेब, हेच! बारा दिवस गणित मांडितो आहे, पण हे मला असे म्हणता येत नव्हते!" तेव्हा शास्त्रीबोवा म्हणाले, "वळते तर पुन्हा तोंड इकडे करील. कधी ते सांगा." भटजींनी बोटे मोजली आणि बोलोन गेले, "पुढोन जावयास जितके दिवस लागले, तितकेच पाठीमागोन यावयास. आजपासोन चौदावे दिवशी, आधी जेथे दिसली त्याच कडेस." महाराज म्हणाले, बरे, चौदा दिवस हुकूम तहकूब, तीट न दिसली तर तोच हुकूम कायम. मग घरी जाता भटजींच्या मनात आले की, लेकरू वळेल हे खरे, पण तीट मध्येच पुसली गेली तर?

चौदा दिवस भटजींस अन्न गोड लागले नाही, आणि बोचके दाराशी तैसेच बांधलेले राहिले. चौदावा दिवस उजाडला तो वैशाखातले अवकाळी ढग घेवोन. सभा भरली, नळी लाविली, पण सूर्याचा पत्ता नाही. तिसरा प्रहर लोटला, तेव्हा महाराजांनी बेलभंडाराचे तबक आणविले. इतक्यात ढग फाटले आणि पंच्यावर लख्ख बिंब पडिले. भटजींस पाहाण्याचा धीर होईना. त्यांनी नळी सोडोन डोळे गच्च मिटले. शास्त्रीबोवा पंच्यास नाक लावोन वाकले, आणि पाहातात तो सूर्य पुढे चाललेला, नळी धरणारे कोणी नाही, म्हणोन बिंब पंच्यावरोन घसरू लागले. तेव्हा शास्त्रीबोवांनी झेप घालोन चामड्याची नळी दोहों हातांनी घट्ट धरिली आणि ओरडले, "वळले! महाराज, लेकरू वळले! भटजी, डोळे उघडा, ही पाहा तीट!" भटजींनी डोळे उघडिले, पण पाण्याने भरले होते, त्यांस काही दिसेना, ते शास्त्रीबोवांच्या गळा पडोन ढसढसा रडले. मग शास्त्रीबोवांचे लक्ष आपल्या हातांकडे गेले. क्षणभर विचार केला, नळी सोडिली नाही, आणि तेथेच निर्णय दिधला की, सूर्यास तीट आहे, तो कूस वळतो, आणि नळीस जो हात लावील त्याने स्नान करावे, म्हणजे दोष नाही.

एवं वर्तमान इतुके. सगुणाबाईंनी बोचके सोडिले, नळी माजघरात कौलाखाली कायम जाहली, आणि राज्यात कोणी सूर्यास डागी म्हटले नाही, निर्मळही म्हटले नाही. भालचंद्रशास्त्री पूर्वी दिवसातोन दोन वेळा स्नान करीत, ते त्या वैशाखापासोन पाच वेळा करू लागले, तेही नागेशभटांच्याच विहिरीवर.